डॉक्टर वॉटसन विरारला आले होते काय?

विरार स्थानकाच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि पापडखिंडीच्या बंधाऱ्याच्या वाटेवर जो फुलपाडा वसला आहे, त्याची नोंद इतिहासाच्या दप्तरात फारशी सापडत नाही. शेजारी मात्र सगळे मातब्बर. दक्षिणेस सोपारा, जेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातले टेकाड उकलून आतला बौद्ध स्तूप उजेडात आणला. पश्चिमेस समुद्रात अर्नाळ्याचा जलदुर्ग. त्याहून खाली वसईचा किल्ला, जो १७३९ साली चिमाजी अप्पांनी फिरंग्यांकडून घेतला. अशा शेजारात बिऱ्हाड केलेल्या माणसाला, आपल्याही गावाच्या वाट्याला एखादी नाव घेण्याजोगी घटना यावी असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. आणि बहुधा याच इच्छेच्या पोटी, लोकलच्या डब्यात रोज भेटणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एका गृहस्थांनी, जे पेशाने हिशेबनीस आहेत आणि भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून लहानपणी जडलेल्या छंदामुळे शेरलॉक होम्सचे एकनिष्ठ उपासक बनले आहेत, एका संध्याकाळी नालासोपारा सुटता सुटता असा सिद्धांत मांडला की, होम्सचा जिवलग मित्र डॉक्टर वॉटसन हा आपल्या विरारवरून गेलेला आहे.

“हे पाहा,” ते म्हणाले, “१८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच पुस्तकात वॉटसनने स्वतः जबानी दिली आहे की, तो लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईला उतरला, आपली पलटण पुढे गेल्याचे त्याला कळले, आणि मग तो तिच्यामागून कंदाहारला पोचला. ज्याअर्थी तो मुंबईला उतरला, ज्याअर्थी त्याला उत्तरेकडे जायचे होते, आणि ज्याअर्थी आपल्या विरारला १८६७ पासून गाडी आहे, त्याअर्थी तो याच रुळांवरून गेला.”

“पण काका, गाडी विरारला थांबली तरी होती का?” दाराशी लटकलेल्या एका कॉलेजकुमाराने विचारले.

“थांबल्याशिवाय इंजिनाने पाणी कुठे भरले असेल?” काकांनी शांतपणे उत्तर दिले, आणि विरार आले म्हणून सभा बरखास्त झाली.

काल्पनिक माणसाच्या प्रवासाचा पंचनामा करणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे गंभीर प्रकृतीच्या वाचकाला वाटेल. तथापि एका रविवारी मी तो अपव्यय केला. दुसरे अफगाण युद्ध नोव्हेंबर १८७८ मध्ये सुरू झाले, जानेवारी १८७९ मध्ये इंग्रजी फौज कंदाहारात शिरली, आणि वॉटसन जीत जायबंदी झाला ती मैवंदची लढाई २७ जुलै १८८० रोजी झाली. म्हणजे त्याचे मुंबईस उतरणे याच अवधीतले. बी. बी. सी. आय. कंपनीचे रूळ तोवर विरार, सुरत, बडोदे करीत अहमदाबादेस पोहोचले होते हे खरे. परंतु अहमदाबादेच्या पुढे सिंधेत उतरायला लोहमार्ग नव्हता, कच्छचे रण आणि थरचे वाळवंट होते, आणि म्हणून त्या काळी कंदाहारच्या मोहिमेवर निघालेला सरकारी माणूस मुंबईहून आगबोटीने कराचीस जाई, तेथून सिंधूच्या खोऱ्यातून नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीने सक्करकडे, आणि पुढे बोलन घाटातून उंटांच्या तांड्याबरोबर. जाताना विरार नाही, हे स्पष्ट झाले.

उरली परतीची वाट. वॉटसन सांगतो की, जखमी झाल्यावर त्याला पेशावरच्या इस्पितळात नेले. मैवंद कंदाहारजवळ, आणि पेशावर खैबरच्या या अंगाला. एवढा द्राविडी प्राणायाम जखमी माणसाला कोणी व का घडवला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. पेशावराहून मुंबईकडे येताना तो दिल्लीवरून राजपुतान्यातून अहमदाबादेस आला असता, तर विरारची लाज राहिली असती. पण दिल्ली ते अहमदाबाद हा सलग लोहमार्ग १८८१ साल उजाडल्याशिवाय पुरा झाला नाही, आणि जाणत्यांच्या हिशेबाप्रमाणे वॉटसन १८८१ च्या आरंभी लंडनमध्ये होम्सबरोबर बिऱ्हाड थाटून बसला होता. राहता राहिला अलाहाबाद-जबलपुरावरून येणारा जी. आय. पी. कंपनीचा मार्ग, जो १८७० पासून चालू होता. आणि तो मार्ग मुंबईत शिरतो तो कल्याणवरून. तात्पर्य, डॉक्टर वॉटसनने आमच्या भागातले एखादे स्थानक पाहिले असलेच, तर ते मध्य रेल्वेचे पाहिले.

हा निवाडा मी डब्यात वाचून दाखवला तेव्हा पश्चिम रेल्वेच्या त्या निष्ठावंतांत जी खळबळ उडाली तिचे वर्णन करीत नाही. हिशेबनीस काकांनी मात्र हार मानली नाही. ते म्हणाले, “अहो, पहिल्या पुस्तकात हा वॉटसन सांगतो की गोळी खांद्याला लागली, आणि १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तोच पाय चोळीत बसतो. ज्याला आपली जखम कुठे आहे हे धड आठवत नाही, त्याने विरारचा उल्लेख केला नाही म्हणून विरार नव्हतेच, हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता?”

हा कोटिक्रम काकांना स्वतंत्रपणे सुचला यात मला शंका नाही. परंतु त्याची जात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा मूळपुरुष एक धर्मोपदेशक आहे.

रोनाल्ड नॉक्स हा ऑक्सफर्डचा तरुण विद्वान. पुढे तो कॅथलिक धर्मगुरू झाला, स्वतः रहस्यकादंबऱ्याही लिहू लागला, आणि १९२९ साली त्याने रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञाही घालून दिल्या. १९११ साली त्याने होम्सच्या वाङ्मयावर एक निबंध वाचला. त्या काळी जर्मन पंडितांनी बायबलची चिकित्सा आरंभली होती. कोणता भाग मूळचा, कोणता प्रक्षिप्त, कोणता कोणत्या हाताने कधी घातला, याची ते शब्दाशब्दाला चाळण लावीत असत. नॉक्सने तीच चाळणी, तोच सूर आणि तीच अवजड परिभाषा होम्सच्या गोष्टींना लावली. मदतीला स्वतःच कल्पिलेल्या काही जर्मन पंडितांची मतमतांतरे घेतली. आणि मूळचा वॉटसन वेगळा व नंतरच्या काही कथा रचणारा ‘दुसरा वॉटसन’ वेगळा, इथपर्यंत चर्चा नेऊन भिडवली. उद्देश होता पंडितांची थट्टा. परंतु थट्टेचे अवजार थट्टेच्या विषयापेक्षा अधिक टिकाऊ ठरले. खुद्द आर्थर कॉनन डॉयलने नॉक्सला पत्र लिहून आपले आश्चर्य आणि कौतुक कळवले, आणि होम्सच्या भक्तांना एक नवा खेळ मिळाला, ज्याला ते नुसते ‘खेळ’ असेच म्हणतात.

या खेळाचे कायदे थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. पहिला असा की, होम्स आणि वॉटसन ही हाडामांसाची माणसे होऊन गेली असे धरून चालायचे, आणि कॉनन डॉयल हा वॉटसनचा केवळ मुखत्यार, त्याची बाडे छापखान्यात पोचवणारा अडत्या, असे मानायचे. दुसरा असा की, चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एवढेच सरकारी दप्तर. त्याबाहेरचा दाखला ग्राह्य नाही, आणि लेखकाची साक्ष तर मुळीच नाही. तिसरा आणि सर्वांत कठीण असा की, खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू दिसता कामा नये. जो हसला तो बाद.

पहिल्या कलमाची गोडी मराठी वाचकाला निराळी समजावून द्यावी लागत नाही. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजेच आपल्या फास्टर फेणेला, असे जिवंत केले की तो खरोखरीचा कोणी मुलगा असून भागवत फक्त त्याचे पराक्रम टिपून घेतात, असे आमच्या पिढीतल्या कित्येकांनी मनापासून मानले. आणि २०१७ सालच्या चित्रपटात भागवत हेच एक पात्र होऊन फेणेला भेटले, ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, तेव्हा त्या बालसमजुतीवर जणू सरकारी शिक्काच उमटला.

खेळ रंगला तो वॉटसनच्या विसराळूपणामुळे. वॉटसनचे नाव जॉन एच.; पण एका कथेत त्याची स्वतःची बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. डॉयलने हात फिरवताना केलेली ती उघड चूक. परंतु डोरोथी सेयर्स या श्रेष्ठ रहस्यकथालेखिकेने तिची संगती अशी लावली की, ‘एच.’ म्हणजे हेमिश, हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप, आणि म्हणून ती बाई नवऱ्याचे मधले नाव लाडाने इंग्रजीत घेत होती. चुकीचे प्रेमात असे रूपांतर करणे फार थोड्या टीकाकारांना साधले असेल. अमेरिकेत होम्सभक्तांची ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही मंडळी १९३४ साली स्थापन झाली. तिच्या १९४१ सालच्या मेजवानीत रेक्स स्टाउट हा कादंबरीकार उभा राहिला आणि त्याने वॉटसन ही मुळात स्त्री होती, होम्सची पत्नीच होती, असे प्रतिपादन केले. पुरावा म्हणून त्याने निवडक कथांच्या शीर्षकांची आद्याक्षरे एकाखाली एक मांडून ‘आयरीन वॉटसन’ हे नाव वाचून दाखवले! भक्तांत हाहाकार झाला म्हणतात.

परंतु या खेळात कर्माचे फळ याच जन्मी मिळते. रेक्स स्टाउटचा स्वतःचा मानसपुत्र नीरो वुल्फ हा न्यूयॉर्कचा महाकाय, घरकोंबडा, ऑर्किडची फुले वाढवणारा हेर. १९५६ साली जॉन क्लार्क या रसायनशास्त्रज्ञाने, हा वुल्फ होम्स आणि होम्सकथांतली आयरीन ॲडलर यांचा गुप्त पुत्र होय, असा शोध साधार जाहीर केला. आणखी कोणीतरी दाखवून दिले की, रोमन लिपीत शेरलॉक होम्स आणि नीरो वुल्फ ही दोन्ही नावे लिहिली असता त्यांतले ‘ई’ आणि ‘ओ’ हे स्वर त्याच क्रमाने येतात. देवनागरीत हा पुरावा लिहिता लिहिताच वाहून जातो, ही गोष्ट आमच्या लिपीच्या श्रेष्ठत्वाची म्हणावी की अपुरेपणाची, हे वाचकांवर सोपवतो. स्टाउटने पितृत्वाच्या या दाव्याला होकारही दिला नाही आणि नकारही; मुरलेल्या वकिलाने द्यावे तसे सभ्य उत्तर देऊन तो मोकळा झाला.

अलीकडे या खेळाला न्यायालयाचे रूप आले आहे. पिएर बायार नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १९९८ साली एक पुस्तक लिहून, ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या रॉजर ॲक्रॉइड खून प्रकरणात हर्क्यूल प्वारोने भलत्याच माणसाला दोषी ठरवले, असे मांडले, आणि दहा वर्षांनी बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याचेही वकीलपत्र घेतले. वाचकाने हेराच्या निकालावर केलेले हे अपील आहे. हेर म्हणाला म्हणजे निकाल लागला, ही समजूत त्याला मान्य नाही. साक्षीदार तेच, मुद्देमाल तोच, पण निष्कर्ष दुसरा निघू शकतो, हे त्याने दाखवले.

हे सगळे साहेबांचे कौतुक झाले. फुलपाड्याचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सापाचा आहे.

‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली, आणि डॉयलच्या कथांत तिला बहुतेक वाचक वरचे पान देतात. कलकत्त्यास डॉक्टरकी करून परतलेला रॉयलॉट नावाचा दुष्ट गृहस्थ भारतातून आणलेल्या एका भयंकर सापाकरवी सावत्र मुलींचा जीव घेऊ पाहतो. साप भिंतीच्या भोकातून येऊन घंटेच्या दोरीवरून खाली उतरतो, आणि शिट्टी वाजली की शिकवलेल्या कुत्र्यासारखा परत वर चढतो. बक्षीस म्हणून त्याला बशीभर दूध. होम्स त्याला दलदलीतला विषारी साप म्हणतो आणि हा भारतातला सर्वांत जहरी साप असल्याचे सांगतो. अशा नावाचा साप भारतात नाही. त्याच वाड्यात रॉयलॉटने भारतातून आणलेले बबून वानर फिरते, आणि बबून तर भारतात मुळी होतच नाही. तेव्हा तो साप कोणता, या प्रश्नावर गेली कित्येक दशके इंग्लंड-अमेरिकेत शाई सांडत आहे. लॉरेन्स क्लाउबर या नामांकित सर्पतज्ज्ञाने तर १९४८ साली, रॉयलॉटने निरनिराळ्या प्राण्यांचा संकर करून हा जीव घरीच निपजवला असला पाहिजे, असे गंभीर मुद्रेने लिहिले.

जीवदानीच्या डोंगराखाली राहणाऱ्याला या शाईचे नवल वाटते, कारण त्याला साप पुस्तकात शोधावा लागत नाही. पहिला पाऊस पडला आणि बिळांत पाणी शिरले की, पूर्वी पाड्याच्या कुडांत आणि आता इमारतींच्या जिन्याखाली तो आपण होऊन भेटीस येतो. अशाच एका जुलैत आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळ घोणस निघाली. तिला गोणीत भरून डोंगरात सोडून येण्यासाठी शेजारच्या पाड्यातले एक वृद्ध गृहस्थ आले होते, ज्यांना सारे आजा म्हणतात. काम झाल्यावर चहा घेताना मी त्यांना रॉयलॉटच्या सापाचे वर्णन सांगितले: अंग पिवळे, त्यावर तपकिरी ठिपके, डोके चपटे व शंकरपाळ्याच्या आकाराचे, मान फुगलेली.

“डोके घोणशीचे नि मान नागाची?” आजांनी बशी खाली ठेवली. “असा जनावर नाही आपल्याकडं.”

“आणि दूध पितो.”

“नागपंचमीला पितो तेवढाच. तो पण तहानेला असतो म्हणून. दूध त्याचे खाणे नव्हे, भाऊ.”

“शिट्टी वाजवली की परत येतो.”

आजा काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, “शिट्टी ऐकून माणूस येईल. तुम्ही म्हणता तो साप दोरीवरून कोणी ओढीत असंल.”

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो. साप शिकवलेला नव्हता, तो दोरीला बांधून वरखाली ओढला जात होता, आणि शिट्टी, दूध व बशी हे सारे होम्सची दिशाभूल करण्यासाठी रचलेले नाटक होते, हा तर्क आजांनी चहाच्या दोन घोटांमध्ये केला होता. आणि त्यांनी शेरलॉक होम्सचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले होते. खेळाचे तीनही कायदे त्यांनी नकळत पाळले. त्यांनी गोष्ट खरी मानली, पुरावा गोष्टीतलाच घेतला, आणि ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून माझे मत असे बनले आहे की, हा खेळ आपल्याला साहेबाने शिकवला असे मानण्याचे कारण नाही. ग्रंथातील परस्परविरोधी वचने समोर ठेवून, एकही वचन खोटे न म्हणता, सर्वांची संगती लावायची, याला आपल्या मीमांसकांनी एकवाक्यता असे नाव फार प्राचीन काळी दिले आहे. कीर्तनाच्या फडात बुवांना आडवा प्रश्न घालणारा श्रोता, आणि त्या प्रश्नाला पुराणांतरीचा दाखला काढून निरुत्तर करणारे बुवा, ही जोडी गावोगाव होती. रावबहादुर चिंतामणराव वैद्य यांनी महाभारताची चिकित्सा करताना व्यासांचा जय, वैशंपायनांचे भारत आणि सौतींचे महाभारत असे तीन थर आणि तीन कर्ते सांगितले. आणि त्यांचा तो इंग्रजी ग्रंथ नॉक्सच्या ‘दुसऱ्या वॉटसन’च्या काही वर्षे आधीचा आहे. नॉक्सने जे थट्टेने केले ते वैद्यांनी कळकळीने केले, एवढाच काय तो भेद. हत्यार दोघांचे एकच.

आणि ज्याला पात्राविषयीचा तर्क म्हणतात त्याचा मराठीतला सर्वांत धीट नमुना पाहायचा असेल, तर इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ उघडावे, जे १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि ज्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात एक प्रकरण विदुर आणि धर्मराज यांच्यावर आहे. विदुर हा शापामुळे मनुष्यजन्म घेतलेला यमधर्म. युधिष्ठिर हा यमधर्मापासून झालेला कुंतीचा पुत्र. आणि अखेरीस अरण्यात विदुर प्राण सोडतो तो योगबलाने युधिष्ठिराच्या शरीरात प्रवेश करून. हे तीन दुवे बाईंनी एका ओळीत ठेवले आणि विचारले की, विदुर हाच युधिष्ठिराचा पिता नव्हे काय? एक अक्षर पदरचे घातले नाही, एक श्लोक खोटा म्हटला नाही. जे शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांसमोर होते तेच शेजारी शेजारी मांडले, आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवले. होम्सच्या पितृत्वावर लिहिणाऱ्या क्लार्कसाहेबांना हे प्रकरण वाचता आले असते, तर त्यांनी बाईंना वंदन केले असते असे मला वाटते.

मग मराठी रहस्यकथेच्या पात्रांवर असे तर्क कोणी केलेच नाहीत काय? केले, आणि भरपूर केले. फक्त लिहून ठेवले नाहीत. येथे प्रस्तुत लेखाचा खरा नायक रंगमंचावर येतो, आणि त्याच्या आडनावातच फुलपाड्यापासून फार दूर नसलेले अर्नाळे आहे.

बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. काळापहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू, ही त्यांची पात्रे विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी घराघरांत अशी वावरत होती की, वडीलधाऱ्यांच्या धाकाने ती गाद्यांच्या खाली दडत आणि दिवे मालवल्यावर बाहेर येत. १९३६ ते १९८४ या काळात त्यांनी १,०९२ रहस्यकथा प्रसिद्ध केल्याची नोंद गिनीज बुकाने घेतली. डॉयलच्या साठ गोष्टींना चाळीस वर्षे लागली. अर्नाळकरांचा हिशेब सरासरीने महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकांचा पडतो. त्यांतल्या कित्येक कथांवर इंग्रजी रहस्यकथांची छाया होती, हे कोणी नाकारीत नाही. पण गिरगावच्या गॅसबत्त्या, डोंगराआडचे एकाकी बंगले आणि बंदरावरचा अंधार यांतून वावरू लागल्यावर ती माणसे मराठीच झाली.

मी लहानपणी गिरगावात होतो. विरारला बिऱ्हाड हलवण्यापूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, म्हणजे वस्तुतः एका जिन्याखालची लाकडी फडताळे आणि एक स्टूल. अनामत रक्कम भरायची, पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचे, उशीर झाल्यास दंड. पुस्तकांना खाकी पुठ्ठा घातलेला, पाठीवर शाईने आकडा, आणि शेवटच्या पानापूर्वीच्या कोऱ्या जागेत कोण्या पूर्वसूरीने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले. त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘खोटे आहे, पुढे वाचा’. आणि त्याच्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात त्या दोघांच्या कुळाचा उद्धार. लायब्ररीवाले मामा स्टुलावर बसून हा सगळा वाद ऐकत आणि अधूनमधून आपला निर्णय देत. धनंजयचे वय का वाढत नाही? छोटू एवढी वर्षे छोटूच कसा? झुंजारची पत्नी विजया सर्व काही जाणून असताना तिला पोलीस कधी जबानीला का बोलावीत नाहीत? असे प्रश्न तेथे रोज निघत, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणीतरी एखाद्या पुस्तकातला प्रसंग उभा करून देत असे. कारण ‘लेखकाची चूक झाली’ हे उत्तर देणाऱ्याला त्या जिन्याखाली किंमत नव्हती.

त्या सर्व तर्कांत मला अजून स्मरणारा तर्क मात्र पात्राविषयी नव्हता, कर्त्याविषयी होता. आमच्यातल्या एका थोराड मुलाने असा सिद्धांत मांडला की, बाबूराव अर्नाळकर हे एका माणसाचे नाव नसून कचेरीचे नाव आहे. तेथे दहाबारा कारकून ओळीने बसतात, एक काळापहाड लिहितो, दुसरा झुंजार, तिसरा नुसते पाठलाग, आणि संध्याकाळी बडा साहेब सर्वांची पाने गोळा करून शिवतो. एक माणूस एवढे लिहू शकणार नाही, हा त्याचा मुख्य आधार, आणि अर्नाळकरांचे खरे नाव चव्हाण असल्याचे पुढे कळले तेव्हा तो म्हणाला, “पाहा, दोन तर आताच निघाले!” आज विचार करता जाणवते की, त्या मुलाने नॉक्सही वाचला नव्हता आणि चिंतामणराव वैद्यही, पण ज्या ग्रंथाचा विस्तार मानवी हाताला न झेपणारा वाटतो त्याला अनेक कर्ते कल्पावे, या एकाच न्यायाने तिघेही चालले होते.

तो सिद्धांत खोटा होता. १९९६ साली अर्नाळकर निवर्तले तेव्हा एकच माणूस गेला. परंतु त्याच्याबरोबर आणि त्याच्या वाचकांबरोबर जे गेले त्याची गणती कोणी केली नाही. होम्सच्या भक्तांनी आपली प्रत्येक शंका, प्रत्येक वाकडा तर्क छापून, बांधून, अनुक्रमणिका लावून ठेवला, म्हणून आज वॉटसनच्या जखमेवर कपाटभर वाङ्मय आहे. आपण साठ गोष्टींच्या जागी हजाराहून अधिक गोष्टी वाचल्या, चुका आणि विसंगती त्या मानाने कितीतरी अधिक मिळाल्या, वादही तितकेच केले, आणि शेवटी पुस्तके रद्दीत घातली व वाद विसरलो. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या एकेक करून मिटल्या. पेन्सिलीच्या त्या नोंदी रद्दीवाल्याच्या तराजूतून गेल्या. रहस्यकथा ही हलकी, म्हणून तिच्यावरचा विचारही हलका, अशी आपली धारणा होती. आणि ही धारणा बाळगणाऱ्यांतलेच अनेकजण रात्री गादीखालचे पुस्तक काढून वाचीत असत.

सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलालांना दगडी पेटीत एकात एक ठेवलेल्या डब्या मिळाल्या, त्यांत सर्वांत आतली सोन्याची. आणि सोन्याच्या त्या डबीत होते काय, तर मातीच्या भांड्याच्या ठिकऱ्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या गेल्या म्हणून कोणीतरी त्या जपल्या, आणि जपल्या म्हणून पंडितजींना त्यांवरून काही अनुमान करता आले. अर्नाळकरांच्या पुस्तिकांना सोन्याची डबी नको. घरातल्या फडताळाचा एक कोपरा पुरे आहे.

वॉटसनच्या विरार-प्रवासाचा दावा आम्ही डब्यातल्या डब्यात नामंजूर केला आहे. काकांना अपिलाची मुभा आहे, आणि ते जुनी वेळापत्रके शोधीत आहेत असे कळते. वाचकांना विनंती एवढीच की, ज्यांच्या माळ्यावर काळापहाडाची किंवा झुंजाराची एखादी खाकी पुठ्ठ्याची प्रत उरली असेल त्यांनी ती रद्दीत देऊ नये. आणि घरात कोणी वृद्ध माणूस ती पात्रे आठवून अजून वाद घालीत असेल, तर त्याचे म्हणणे, कितीही वेडगळ असले तरी, नाव, गाव आणि सालासह वहीत उतरवून घ्यावे.